पार्सल

पत्ता गंगावेशीतल्या तालमीचा टाकला.
घरी आलं असतं तर आईनं
आधी किंमत वाचली असती.

काळा डबा. त्यावर सोनेरी सिंह,
साठ कॅप्सूल, सतराशे नव्व्याण्णव,
चार हजार लोकांनी दिलेले साडेचार तारे.

शिदबा वस्तादांनी एक फोडली,
भुकटी तळहातावर घेऊन हुंगली.
"आस्कंद हाय रं. ढोरगुंज.
आमच्या बांधावर म्हसरं बी तोंड लावत न्हाईत."

पोरं हसली. मीही.

पण वस्तादांनी हात झटकला नाही,
चाटला.
वर तांब्याभर धारोष्ण दूध.
"उद्या दोन काढून ठेव.
गुडघा लई बोलतोय."

रात्री मोजल्या. एकोणसाठ.
परत करायची मुदत सात दिवस,
सील फुटलं नसेल तर.