सोळा व्हॉल्व्ह

रात्रभर मी दुसऱ्यांचं तापमान बघते,
कोराडीच्या कंट्रोल रूममध्ये:
बेअरिंगचं, वाफेचं, तेलाचं.
सकाळी साडेसहाला पार्किंगमध्ये येऊन
पुन्हा एका काट्यापुढे बसते.
हा माझा.

पॅलिओ. एक पॉइंट सहा. दोन हजार तीनची.
लाल होती म्हणतात.
आता पोह्याच्या कागदावर तर्री सांडून
सुकल्यानंतर उरतो तो रंग.
कागदोपत्री शंभर घोडे.
त्यातले किती अजून दाणा खातात
आणि किती नुसतेच उभे आहेत,
हे इक्रामभाईलाही सांगता येत नाही.

"किती देते?" सगळे विचारतात.
नऊ. कधी दहा.
नणंद म्हणाली, एवढ्यात हप्त्यावर नवी आली असती ना वो, कॅमेरावाली.
आली असती.
वर्धा रोडच्या शोरूमला जाऊनही आले.
पडद्यावर सगळं दिसत होतं,
स्टिअरिंग एका बोटानं फिरत होतं,
खाली रस्ता आहे की नाही
हे मात्र हाताला कळेना.

पद्मावार सर जनावरांचे डॉक्टर, खामल्यात घर.
किल्ली देताना हमीबिमी काही दिली नाही.
बॉनेटवर पालथा हात ठेवला, ताप बघतात तसा,
म्हणाले, "थंड असताना हिला ओरडायला लावू नका.
काटा अर्ध्यावर आला की मग तुमची मर्जी."
आणि एक पितळी डबा दिला:
दोन फ्यूज, एक रबरी बुश, खिडकीचं एक हँडल.
कुठलं काय, त्यांनाही आठवत नव्हतं.

मे महिना. सेहेचाळीस. मानकापूरचा सिग्नल.
काटा वर सरकायला लागला
की एसी बंद करून हीटर पूर्ण उघडायचा,
इंजिनचा ताप आपल्या पायांवर घ्यायचा.
शेजारच्या स्कूटरवरचा पोरगा
दुपट्ट्यातून डोळे फाडून बघत राहिला.
त्याला काय सांगणार.
घरात कितीदा हेच केलंय,
फक्त तिथे काचा खाली करता येत नव्हत्या.

"मॅडम, थर्मोस्टॅट कुठीच मिळून नाही राहिला.
कोइम्बतूरचा एक जण आहे, तो पाठवतो म्हणते."
तीन आठवडे गाडी विटांवर.
तीन आठवडे मी स्टाफ बसमध्ये,
काचेला डोकं टेकून, सगळ्यांच्या वेगानं.

मग एका सकाळी रिंग रोड,
ट्रक ढाब्यांवर झोपलेले.
तिसरा गिअर. साडेतीन हजार. चार.
इथे ती गळा बदलते.
दारातला करकरणारा प्लास्टिकचा तुकडासुद्धा
गप्प होतो, ऐकायला.
मागून एक मोठी पांढरी गाडी दिवे मारत आली, जाऊ दिली.
वळणावर तिचे ब्रेकचे दिवे लागले.
माझे नाही लागले.
बास, एवढंच. सत्तेचाळीस वर्षांची बाई
आणखी काय सांगणार.

दिवाळीनंतर जरीपटक्याच्या सिग्नलला सर दिसले.
मुलाच्या स्कूटरवर मागे,
मांडीवर रिपोर्टची पिशवी.
गाडीकडे पाहिलं नाही, की पाहायचं नव्हतं.
मी हाक मारली नाही.
उभ्या उभ्या थोडी रेस दिली फक्त.
फूटरेस्टवर त्यांचा उजवा पाय
हळूच खाली दबला.
सिग्नल सुटला. मुलानं स्कूटर डावीकडे घेतली.

आता पासिंग थेट अठ्ठावीसला.
तोवर काय काय निघेल.
परवा गिअरची दांडी ढिली झाली,
इक्रामभाईनं डब्यातला बुश काढून बसवला,
अगदी नेमका बसला.
हँडल उलटसुलट करून बघितलं,
म्हणाला, "हे हिचं नाहीच, मॅडम.
सरांच्या कुठल्या तरी आधीच्या गाडीचं असन."

पुसून ते परत डब्यात ठेवलंय.
डबा पुढच्या सीटखाली असतो,
वळणावर थोडा वाजतो.