एकाच कार्डावर

गंगावेशीत पहाटे कट्ट्यावर म्हशी पिळतात,
तिथून चार दुकानं पुढं, लाकडी जिन्यानं वर,
आमचं वाचनालय.
सव्वीस वर्षं मी तिथं कार्डं लिहितो.
आडनाव आधी, मग आद्याक्षरं,
मग पुस्तकाचं नाव, मग विषय.
बाकी जगाशी माझं फारसं वाकडं नाही.

इंगवले, द. रा.
या नावाखाली तीन पुस्तकं.
‘उन्हाची दिशा’, विषय सिनेमा.
‘भात्यातली हवा’, विषय संगीत.
‘वजनकाट्यावर’, विषय
इथं मी पेन्सिलीनं लिहिलं: जगणं.
आमच्याकडं त्याला क्रमांकच नव्हता.

पहिल्यात एक पोरगा
स्टुडिओच्या आवारात चंदेरी कागदाची फळी धरून उभा.
सूर्य पकडायचा, नायिकेच्या गालावर ठेवायचा.
डोळ्यांत गेला की शिव्या.
उन्हाला हात लावता येत नाही, म्हणतो,
पण वळवता येतं,
म्हशीसारखं, हळू.

दुसऱ्यात पेट्या दुरुस्त करणारा.
पितळी पाती टोकाला खरवडली की सूर चढतो,
मुळाशी खरवडली की उतरतो.
एवढंच ज्ञान, म्हणतो,
आणि त्यावर दोनशे दहा पानं.

तिसऱ्यात पिठाची गिरण.
कुणाकडं पाहुणे आलेत, कुणाकडं नुसती ज्वारी,
कुणी डबा अर्धाच भरून
वरून फडकं गच्च बांधून आणतं.
दळणावरून सगळं कळतं
आणि कुणाला सांगायचं नसतं.

या तिघांचा मी एक माणूस केला.
स्टुडिओ बंद पडला, तिथं प्लॉट पडले,
तसा हा पेटीकडं वळला,
कान थकले तशी गिरण टाकली.
काउंटरवर येईल त्याला सांगायचो.
तिवले मास्तरांनी तर व्याख्यानच दिलं,
तेजाकडून नादाकडं, नादाकडून अन्नाकडं.
टाळ्या पडल्या.
चहा मीच सांगितला होता.

परवा एक बाई आल्या, सत्तरीच्या पुढच्या.
वजनकाट्यावर हाय का, म्हणाल्या.
आहे, पण बाहेर गेलंय.
बरं झालं, म्हणाल्या, फिरतंय म्हणायचं.
आणि बसल्या.
“द. म्हणजे दमयंती.
छापणारा म्हणाला, बाईची गिरण कोण वाचतंय?
आद्याक्षरं घाला.”
आणि रा.?
“रावसाहेब. आमचे मालक.
एक पान वाचलं नाही त्यांनी.”

मी कार्ड वहीखाली सरकवत होतो,
त्यांनी ओढून घेतलं.
वाचलं, हसल्या, पदरानं डोळे पुसले.
“हे दोघं? ओळखते की.
बघितलं न्हाई कधी.
पेटीवाल्याची पत्रं मलाच येतात.
एकानं विचारलं, काळी चार वाजताना थरथरते, काय करू?
मी लिहिलं, माझी गिरण थरथरली की मी पट्टा बघते.
त्याचं उलट टपाली कार्ड:
बघितलं. भाता फाटला होता. उपकार झाले.”

“आणि सिनेमावाल्याचं मानधन आलं एकदा,
एकशे चाळीस रुपये.
त्याचा पत्ता कुणाकडं नव्हता.
वर्षभर ठेवले डब्यात.
मग पट्टा घेतला.”

त्या गेल्यावर मी तीन कार्डं केली.
इंगवले, दमयंती रावसाहेब. हे शाईनं.
फळीवाल्याचं नाव दत्ताजी, असं कुणी म्हणालं;
पुढं प्रश्नचिन्ह.
पेटीवाल्याचं काहीच कळलं नाही.
मास्तरांना सांगितलं.
ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले,
मग म्हणाले,
व्याख्यान मात्र चांगलं झालं होतं.

जुनं कार्ड फाडवलं नाही.
खणात आहे, रबराच्या शिक्क्याखाली.

काल टपालानं एक पातळ पुस्तक आलं.
सोबत चिठ्ठी नाही, पत्ता नाही.
पोरांना विहिरीत पोहायला कसं शिकवावं,
पाठीला डबा बांधून,
आणि डबा कधी सोडावा,
यावर शेवटची नऊ पानं.
इंगवले, द. रा.

मी कोरं कार्ड घेतलं.
पेन्सिलीला टोक केलं,
खोडरबर हाताशी ठेवला.