चतुःसीमा

पूर्वेस रेल्वेचा रूळ. स्टेशन मात्र आमचं नाही.
अठराशे चौऱ्याण्णवात स्टेशनाभोवतीची चाळीस घरं
शाळेच्या करावरून भांडली, वेगळी निघाली,
आणि धाकट्यानं वाटणीत दुभती म्हैस न्यावी
तसं स्टेशन घेऊन गेली.
पुढच्या साली दक्षिणेची टेकडी गेली.
मग गिरणीचं तळं.
उरलं ते क्रॅनस्टेड टाउनशिप, न्यू जर्सी:
भाकरीचा मधला भाग कुणीतरी खाल्ला,
ताटात कड राहिली, तिचं आम्ही गाव केलं.

टपालखातंही आम्हांला ओळखत नाही.
माझ्या पत्त्यात शेजारच्या गावाचं नाव.
कर मात्र इथंच भरायचा,
माझ्याच खिडकीवर, साडेआठ ते साडेचार.

लोक येतात. कुणाला कुंपण घालायचं असतं,
कुणाला शेजाऱ्याचं काढायचं.
मिस्टर ओबर्डिंग दर मार्चला येतात:
तळघरात पाणी कुठून येतं?
मी नकाशा पसरते, बोट ठेवते.
इथं त्रेपन्न सालापर्यंत ओढा होता.
त्याला छत्तीस इंची नळात घातला,
वर लाँड्री, पिझ्झा, चपलांचं दुकान
आणि एकशे बारा गाड्यांची जागा.
ओढ्याला कुणी कळवलं नसावं.
बर्फ वितळलं की तो जुन्या वाटेनं निघतो
आणि ओबर्डिंगांच्या वॉशिंग मशीनपाशी थांबतो.

दुपारी खिडकी ओस असते तेव्हा मी जुनी खतं वाचते.
'पांढऱ्या ओकपासून निघून उत्तरेस बारा साखळ्या,
दगडांच्या ढिगापर्यंत; तेथून विधवा व्हॅन रीपेन
हिच्या बांधाने ओढ्यापर्यंत;
ओढ्याच्या वळणांनी परत ओकपाशी.'
माझे वडील जुन्नरला मोजणीदार होते.
खांद्यावर साखळी, टोपीत पेन्सिलीचा तुकडा.
ते म्हणाले असते: झाड, विधवा, पाणी?
यातलं जागेवर कोण राहतं, बाई?

ओकच्या जागी बँक आहे,
गाडीतून न उतरता पैसे काढायची.
ढिगातले दोन दगड सापडले, शाळेच्या कुंपणात,
एकाला मुलांनी निळे डोळे काढलेत.
विधवेच्या बांधाचा मेपल अॅव्हेन्यू झाला.
तो मध्येच वळतो.
बसही वळते, विनाकारण,
तिच्या कोबीला वळसा घालून.

सगळ्यांत पहिल्या खतावर लिहून देणाराची सही नाही.
एक कासव आहे, चार पाय, शेपूट.
खाली कारकुनाचं अक्षर: त्याची खूण.
मोबदल्यात काय मिळालं त्याची यादी वाचवत नाही.
सहा पातेली होती तीत.
हमरस्ता त्याच्या लोकांच्या पायवाटेवरच आहे,
सिग्नल आपण नंतर लावले.

मग दीडशे वर्षं सेलरी. काळी, भुसभुशीत जमीन.
मग लढाईहून परतलेल्या पोरांसाठी
एका उन्हाळ्यात सहाशे घरं, चार नमुन्यांची.
आमचं नमुना 'क', जिना डावीकडे.

घर घेतलं तेव्हा त्याचं मूळ खतही मीच काढलं.
कलम सात:
गोऱ्या वंशाखेरीज कोणीही येथे राहू नये,
घरकाम करणारे नोकर वगळून.
कायद्यानं ते कधीच रद्द केलंय.
पुसलं नाही. पुसायची तरतूद नाही, मी तपासलं.
मी पान यंत्रात घातलं, शिक्का घेतला:
खरी नक्कल. सही, अनुराधा घैसास.
मग खिडकीच्या बाहेर जाऊन
माझी मीच फी भरली.

परसात मेथी पेरते.
हाताला अजून ती काळी माती लागते,
कधीकधी सेलरीचा वास येतो, किंवा मला वाटतो.

पूर्वेस ओबर्डिंग. पश्चिमेस रस्ता.
उत्तरेस फिलिपिनो नर्सबाई, त्यांचा कुत्रा.
दक्षिणेस टाउनशिपची हद्द, तिच्यापलीकडे आमचंच टपाल.
खाली काय आहे, ते खतात लिहायची पद्धत नाही.
मार्चमध्ये रात्री ऐकू येतं.