कड

झिपरू देवरेने बत्तीस वर्षं सुरुंग लावले,
साक्रीपासून छडवेलपर्यंत
एकशे चौदा विहिरी.
त्यातल्या निम्म्या विहिरींत मी बसवलेल्या मोटारी आहेत,
म्हणून हे मला माहीत.
त्याच्या डाव्या हाताला बोटं तीन.
बाकीची दोन दगडाकडे तारण ठेवलीत, म्हणतो.

दगड तो आवाजावरून ओळखायचा.
पहारीने ठोकायचा, कान लावायचा.
मांजऱ्या मऊ बोलतो,
काळा पाषाण उलट उत्तर देतो,
आणि दोघांना कापत
शिवारातून सरळ गेलेली ती काळी भिंत,
जिच्यात दगड ओंडक्यांसारखे आडवे रचलेत,
ती कुणाशीच बोलत नाही.
गवळी राजाने एका रात्रीत बांधली म्हणतात.
वरच्या अंगाला चाळीस फुटांवर पाणी,
खालच्या अंगाला दोनशे फूट खाली
नुसता भुगा.

आखाजीला योजना आली, झिपरूची मधली.
जहाजावर असते. समुद्राचा तळ मोजते.
झोका तसाच लोंबत राहिला,
ती बापाला घेऊन विहिरीच्या काठावर बसली
आणि मांडीवर संगणक उघडला.

मॉरिशसच्या शेजारी एक बेट.
पाण्यावर दिसतं ते थोडं,
खाली मैलोन्‌मैल पसरलेला ढिगारा.
एकेक ढेकूळ असं, की आख्खं निजामपूर वर वसवावं.
डोंगराची पूर्वेची बाजू कधीतरी सुटली,
एकदा नाही, कितीदा तरी,
आणि तेवढ्यात पुन्हा वर भर पडत गेली.

बाबा, ती आपलीच चूल आहे, ती म्हणाली.
साडेसहा कोटी वर्षांमागे आपण तिच्यावर होतो.
हे शिवार, हा पांझरेचा खडक, सगळं तिथलंच उतू गेलेलं.
मग आपण सरकत सरकत इकडे आलो,
चूल राहिली तिथेच.

आणि ही भिंत?
ही चुलीची भेग. आग इथून चढली, इथेच थिजली.
तिकडेही अशाच भिंती आतून चढतात,
दर भिंत डोंगराला हातभर बाहेर रेटते.
एक, शंभर, हजार.
मग कड सुटते.

मंग आपलं काबर नही पडनं?

आपल्याला कड नव्हती बाबा.
निदान इथे तरी. चारी बाजूंनी जमीनच.

झिपरू गप्प.
मला कळलं तो कुठे गेला.
दुसाण्याची विहीर, पंचावन्न फूट,
खाली निंबा अहिरे पाट्या भरत होता.
आधी एक खडा पडला.
मग बराच वेळ काही नाही.
झिपरूने कान लावला होता, दगड शांत आहे म्हणाला होता.
मग उत्तरेची बाजू आली,
पोतं रिकामं करावं तशी.
त्या विहिरीचा आकडा तो एकशे चौदात धरत नाही.

बऱ्याच वेळाने त्याने विचारलं,
त्या बेटावर आधी खडा पडतो का?

यंत्रं लावलीत, ती म्हणाली.
डोंगर वर्षाला बोटभर सरकला तरी समजतं.

बोटभर, झिपरू म्हणाला.
हात उलटा करून पाहिला, सुलटा केला,
उपरण्याखाली घातला.
पलीकडच्या पठारावर पवनचक्क्यांची पाती फिरत होती,
एक बंद होती.

ती निघाली त्या पहाटे
तो भिंतीकडून आला, खांद्यावर पहार,
फडक्यात बांधलेला एक काळा तुकडा.
योजनाच्या पिशवीत बिबडे होते, कळण्याचं पीठ होतं,
त्यांच्यावर ठेवला.

बाबा, विमानतळावर विचारतील.

विचारू दे. दगड माहेरले चालना, आसं सांग.

काट्यावर ठेवला: दोन किलो सहाशे.
तिने दोन साड्या बाहेर काढल्या.