अठ्ठ्याण्णव

सेन्सर नाना पेठेतून आणला, मीटरही तिथलाच.
पितळेचा, अंगठ्याएवढा, कालच्या पेपरात गुंडाळलेला.
बसवण्याआधी टपरीवर नेला.
वत्सलाबाईंनी नुसतं पाणी ठेवलं होतं, पत्ती पडायची होती अजून.
बॅटरी उचलून आणली, सेन्सरच्या कमरेला क्लिप लावली
आणि बुडवला.
काटा चढत गेला, पाणी खळखळायला लागलं,
अठ्ठ्याण्णववर काटा थांबला.
सर्जेराव म्हणाला, गंडलाय हा. पाणी शंभराला उकळतं,
शाळेत तेवढं एकच शिकलोय मी.
म्हटलं, ते समुद्राकाठी. निगडी उंचावर आहे,
इथे दोन डिग्री आधीच उकळतं सगळं.
वत्सलाबाई म्हणाल्या, तरीच.
कशाचं तरीच, ते सांगितलं नाही.
पातेलं मात्र राखेनं घासून घेतलं.

कंपनीचा काटा होताच की गाडीत.
पण तो मिंधा. सत्तरला मध्यावर, नव्वदला मध्यावर,
गाडी तापून लाल झाली तरी मध्यावर,
आणि मग एकदम टोकाला,
हेड गॅस्केट जळून गेल्यावर.

इलाही आडवा होऊन इंजिनखाली टॉर्च धरून होता.
आट्यांवर टेफ्लॉन गुंडाळायला गेला तो,
मी हातावर मारलं.
एकच वायर जाते याच्यातून वर, बाबा.
परतीची वायर नसते.
परत येतं ते लोखंडातून, ब्लॉकमधून, चासीतून,
अख्ख्या गाडीच्या अंगातून.
मध्ये टेप आली की काटा झोपला.
डॅशबोर्डला बावन्नचं भोक पाडलं, अगरबत्तीच्या घराशेजारी.
चावी फिरवली. मागचा दिवा पिवळा लागला.
सर्जेराव बराच वेळ बघत बसला,
गाडी तर सुरूसुद्धा केली नव्हती.

आठ दिवसांनी आला. हॉर्न न मारता.
खंबाटकीत तिसऱ्या वळणाला एकशे चार, म्हणाला.
रोज. मोकळी गाडी असली की नाही.
पावतीवर सोळा टन, पाठीवर एकवीस,
भोसरीचं भंगार, कोल्हापूरच्या भट्टीत वितळायला चाललेलं.
अकरा वर्षं मी हेच वळण घेतोय,
पायाला ऊब लागायची,
मला वाटायचं, थंडीत बरंय.

त्याने दाभाडे शेठना आकडा सांगितला.
पाच टन कमी घालू म्हणाला, नाहीतर वरती अर्धा तास थांबेन.
दाभाडेंचा फोन मला आला.
आवाज गोड. मुलीच्या साखरपुड्याचं आमंत्रण आधी,
मग म्हणाले, तो मीटर काढून टाक.
ड्रायव्हर घाबरायला लागलाय.

काढला. काढायचे दोनशे, लगेच फोनवर आले.
सेन्सर ब्लॉकमध्ये राहू दिला.
तो काढला तर भोक उरतं, पाणी गळतं, हे खरं कारण.
वायर गुंडाळून डॅशबोर्डमागे ठेवली,
टोकांना तीन रंगांची टेप.
याला कारण नाही.
मीटर सीटखाली, जॅकच्या फडक्यात.
सर्जेरावला म्हटलं, काळी, लाल, पांढरी.
तो म्हणाला, मला काय सांगतोस?
इलाहीने गोल भोकात अगरबत्ती खोचली,
आणि गाडी गेली.

परवा रात्री अडीचला फोन.
नाव नाही, हॅलो नाही.
"एकशे दोन. वर थांबलोय."
मागे वारा, कुणाचा तरी रिव्हर्सचा भोंगा,
इलाही खोकत होता.
रेडिएटरचं टोपण उघडू नको इतक्यात, मी म्हटलं.
"लहान आहे का मी," म्हणाला, आणि ठेवला.

मी लाईट लावली.
पुढचा अर्धा तास काही झोप आली नाही.