ठेवते गं आता

दर गुरुवारी सोहारहून मस्कत, पहाटे साडेपाचला.
सहम, खाबूरा, सुवैक, बरका.
निनादला गावं नकोत, गोल चौक हवेत.
एक चौक पाडून वरून पूल नेला
तेव्हा तीन गुरुवार त्या जागी तो किंचाळला.
चौथ्या गुरुवारी त्याच्या बाबांनी गाडी पुलाखाली घेतली
आणि नसलेल्या चौकाला एक फेरी मारली.
तेवढी पाच मिनिटं आता आम्ही धरूनच निघतो.

सेंटरमधल्या बाई जॉर्डनच्या, मायाळू.
चार वर्षांपूर्वी म्हणाल्या,
घरात एकच भाषा ठेवा, इंग्रजी बरी,
मुलाचा गोंधळ होतो.
मी ‘येस’ म्हणाले.

आणि मराठी ठेवून दिली,
इथे आल्यावर छत्री ठेवली तशी,
कपाटाच्या वर, आडवी.
ऊठ नाही, वेक अप. दूध नाही, मिल्क.
ताप चढला त्या रात्रीसुद्धा कपाळावर हात ठेवून
आधी मनात भाषांतर केलं,
मग काळजी.

आईचा फोन तेवढा मराठीत.
इथे आठ, वेंगुर्ल्यात साडेनऊ.
मी मागच्या बाल्कनीत, काचेचं दार ओढून,
एसीच्या घरघरीत उभी.
वहिनीचे गुडघे, बँकेतली ठेव, यंदा फणस कमी.
‘बोलतो का गं काही?’
‘नाही अजून.’
आणि मग रोजचंच, ‘बरं, ठेवते गं आता.’
काचेपलीकडे तो वॉशिंग मशीनसमोर मांडी घालून,
गोल खिडकीत कपडे फिरताना बघत.

नाव आम्ही निनाद ठेवलं.
नावं इतरांनी ठेवली.
मोबाइल दिला असेल लहानपणी.
आई बोलत नसेल घरात.
गणपतीच्या जेवणात एक काकू, पुरणपोळी वाढताना:
‘काय गं, मराठी असून पोराला मराठी शिकवलं नाहीस?’
मी तूप मागितलं.

रमजानच्या आधीचा शुक्रवार होता.
सुपरमार्केटात खजुरांच्या पेट्यांचा डोंगर,
डोक्यावर ट्यूबलाइट, त्यातली एक फडफडणारी,
कुणाची तरी ट्रॉली त्याच्या घोट्याला लागली.
त्याने कान झाकले.
मी पर्स खांद्यावरून आडवी केली, दोन्ही हात मोकळे केले.
आता हा फरशीवर जाणार, मला माहीत होतं.

तो म्हणाला,
माझ्याच आवाजात, शेवटचा ‘ता’ माझ्यासारखाच ओढून,
‘बरं, ठेवते गं आता.’

भरलेली ट्रॉली तिथेच सोडली.
लबनेचा डबा, तांदूळ, सगळं.
गाडीत बसल्यावर लक्षात आलं,
मी पण कान झाकलेत.

मग न्हाव्याकडे. मग शाळेच्या बसच्या पायरीवर.
मग मी तेच चित्राचं कार्ड सातव्यांदा दाखवलं तेव्हा.
पुरे. नको. बंद करा हे. या सगळ्याला त्याच्याकडे
हे एकच वाक्य.

जॉर्डनच्या बाईंनी फाइलमध्ये लिहून घेतलं.
‘ठ’ पाशी पेन अडलं.
अर्थ काय, विचारलं.
‘हातातलं खाली ठेवतेय,’ मी म्हणाले.
‘हातातलं काय?’
‘ते सांगायचं नसतं.’

सुट्टीला आलेल्या मामेबहिणीने त्याला सुधारलं,
‘ठेवतो म्हण रे, मुलगा ना तू?’
मी तिला गप्प केलं, जरा जोरातच.
तो ‘ते’ माझा आहे.
तो तसाच राहू दे.

त्या रात्री आईला सगळं सांगितलं.
ती इतका वेळ गप्प, की वाटलं लाइन गेली.
मग हळूच म्हणाली,
‘म्हणजे रोज तू फोन ठेवायची वाट बघत होता होय गं तो?’

मला काही बोलता येईना.
तिलाही.
आणि ठेवते, असं आता कोणी म्हणायचं?

काचेचं दार सरकलं.
त्याने माझ्या हातातून फोन घेतला,
लाल बटण दाबलं
आणि मनगट धरून मला आत नेलं.
मशीन थांबलं होतं.