फेरी पुरी होऊ दे

टॉवर बंद करायच्या दिवशी उणे एकोणीस.
स्नोमोबाइल खालीच रुतली,
ऑस्मो केत्तुनेन चालत टेकडीवर आला,
बगलेत थर्मास, दातांत हातमोजा, हातात किल्ली.

सतरा वर्षं हा खांब तेच ते सांगत होता:
हा देश, ही कंपनी, हा माझा नंबर.
शेजारी अमुक, पलीकडे तमुक.
माझा आवाज एवढा,
त्यावरून तुम्ही किती हळू बोलायचं ते ठरवा.
आणि सोबत मोजणी,
शून्यापासून चार हजार पंच्याण्णव,
की पुन्हा शून्य.
एका फेरीला चाळीस सेकंद, वर थोडे.

विचारलं कुणीच नव्हतं.
‘बरं, कळलं’ म्हणायची सोयही या वाटेवर नाही.

खाली तळ्यावर यालमारी
बर्फाला भोक पाडून गळ सोडून बसलेला.
दिवसभर तो कुणाशी बोलत नाही.
त्याचा फोन मात्र खिशात कान देऊन असतो;
आधी ऐकायचं, मगच तोंड उघडायचं,
असा इथला रिवाज.

“रात्री इथं रेनडिअरशिवाय कोण असायचं?” मी विचारलं.
“ते याला कुठं ठाऊक,” ऑस्मो म्हणाला.

लॅपटॉपवर आकडे पळत होते, सेकंदाला शंभर.
तीन हजार उलटले.
ब्रेकरवर बोट ठेवून तो थांबला.
फेरी पुरी होऊ दे.

मग खट्.
पंखा घरघरत निवला.

तळ्यावर यालमारीला काहीच कळलं नाही.
त्याच्या फोनने शेजारच्या खांबाचा हात धरला,
ज्याचा पत्ता
यानेच देऊन ठेवला होता.